आंबेरखोलची परतवेळ

उठलं

दुपारच्या चहाला आंबेरखोल रिकामं झालं.

सड्यावरच्या, म्हणजे वरच्या कातळपठारावरच्या, लष्करी ठाण्यात भिंतभर पडद्यावर ते सगळ्यांनी पाहिलं. आधी वरच्या वाडीतले फोन हलले, मग खालच्या वाडीतले, मग नदीकाठचे. सगळे एकाच दिशेने, गावाच्या शिवेबाहेर. विजेची मागणी उतरत उतरत तळाला गेली. पाण्याचे पंप थांबले. यंत्राने गावाभोवती लाल रेघ ओढली आणि खाली लिहिलं: सामूहिक पलायन. कारण अज्ञात. पथक पाठवावे.

मेजर केतकी राजोपाध्येंनी कप खाली ठेवला. "हेलिकॉप्टर काढा."

मागे उभा असलेला हवालदार रवळू गुरव हसला.

"हसायला काय झालं?"

"माफ करा, मॅडम. पळालेत हे खरं आहे. पण ती गावपळण आहे."

"काय आहे?"

रवळूने सांगितलं. काही वर्षांनी एकदा देव रवळनाथ कौल देतो आणि अख्खं गाव तीन रात्रींसाठी घरं सोडतं. माणसं, गुरं, कोंबड्या, मांजरंसुद्धा. चुली विझतात. शिवेबाहेर झावळांच्या खोपी उभ्या राहतात. तिथेच जेवणं, भजनं, फुगड्या. त्या दिवसांत गाव देवाचं आणि त्याच्या गणांचं. तिथे माणसाने पाऊल ठेवायचं नाही.

"म्हणजे भुतांसाठी गाव रिकामं करून देता?" नायक कुंडलिक सोनवलकर म्हणाला. तो माणदेशचा, रवळूचा जोडीदार. "आमच्याकडं माणसांना बी जागा देत नाहीत."

"आणि परत कधी येतात?" मेजरनी विचारलं.

"चौथ्या दिवशी सकाळी फक्त मानकरी आणि गुरव आत येऊन देवाला कळे लावतात. फुलाच्या दोन पाकळ्या, ओल्या करून, मूर्तीच्या दोन खांद्यांवर. उजवी आधी पडली तर चला घरी. डावी पडली तर बाहेरच. दुसऱ्या दिवशी परत लावायच्या. कळे माझे वडील लावतात, मॅडम. आम्ही गुरव."

"आणि रोजच डावी पडली तर?"

"असं कधी झालेलं नाही."

"पण झालं तर?"

"तर कुणी आत जाणार नाही," रवळू अभिमानाने म्हणाला. "कुंपण नको, पोलीस नको. देव नको म्हणाला की संपलं."

पथकात आल्यापासून तो एवढा कधी बोलला नव्हता. मेजर त्याच्याकडे बघत राहिल्या, मग त्यांनी हेलिकॉप्टर रद्द केलं. रवळूला वाटलं, आपण गाव वाचवलं.


होडी

भरलेली होडी दर्याला लावण्याआधी तांडेल तिला पायाने हलवून बघतो. झटकन सरळ झाली तर ठीक. आळसावून, विचार केल्यासारखी सरळ व्हायला लागली तर वजन चुकलं आहे, पुढची लाट तिला पालथी घालणार. उलटण्याआधी होडी जोरजोरात डोलत नाही. ती उशिरा परतते.

हे फक्त होडीचं नाही. शेवाळाने गुदमरायच्या आधी तलाव, वाळून जायच्या आधी जंगल, अशी काठावर आलेली प्रत्येक व्यवस्था छोट्या धक्क्यातून सावरायला अधिकाधिक वेळ घेत जाते. हे गणित जुनं आहे. नवं एवढंच झालं की ते माणसांच्या वस्तीला लावता आलं. वस्तीची एक लय असते. सकाळी किती फोन जागे होतात, दुपारी वीज किती लागते, मासळीचा लिलाव किती वेळ चालतो. धक्का बसला की लय मोडते आणि काही वेळाने पुन्हा लागते. या वेळाला परतवेळ म्हणायचं. ती लांबत चालली की समजायचं, इथे काहीतरी उलटणार.

पण धक्का द्यायचा कुणी? वादळाची वाट बघत बसता येत नाही.

पूर्वी विशेष दलाचे लोक सीमेपलीकडे जात, एखादा माणूस उचलत, एखादा पूल उडवत, आणि त्यातून म्हणे अख्ख्या प्रदेशाला स्थैर्य येई. आलं की नाही हे मोजायची सोय नव्हती. आता सोय झाली, आणि मोजायलाही तीच माणसं लागली. गुपचूप जाणारी, खूण न ठेवणारी. कामाचं नाव टिचकी. एका वाडीची वीज तासभर जाते. बंदरावरचा बर्फ वितळतो. एसटी येतच नाही. पथक झाडीत बसून राहतं आणि यंत्र मोजतं.

सड्याच्या पायथ्याशी समुद्रतळावरून येणाऱ्या केबली किनाऱ्याला लागत होत्या. परक्या पाणबुड्यांची चाहूल त्यांतून यायची. त्यांच्यावरून मच्छीमारांची जाळी जायला बंदी होती, आणि बंदीविरुद्धच्या सगळ्या सभा आंबेरखोलच्या देवळासमोर भरत. म्हणून हा पट्टा शांत राहायला हवा होता.

यंत्राला बंदी कळत नव्हती, राग कळत नव्हता. त्याला फक्त परतणं कळायचं.


कुडेवाडी

परतवेळ फार लांबली की टिचकी संपते आणि दुसरा आदेश येतो. धरा.

रवळूने तो एकदाच पाहिला होता, कुडेवाडीला, गेल्या साली. रस्ते धरायचे, पाणी धरायचं, पुढारी धरायचे. कोण अडवेल त्याला आडवं करायचं. रवळूने आधी जाऊन हात जोडून लोकांना सांगितलं होतं, रस्त्यावर येऊ नका, हे लोक गोळी चालवतील, मी त्यांच्यातलाच आहे, मला माहीत आहे. ते ऐकून घराघरातून आणखी माणसं आली आणि रस्त्यावर बसली. म्हाताऱ्या पुढे बसल्या.

त्यानंतर पट्टा शांत झाला. यंत्राने तशी नोंद केली. कुडेवाडीला आता कुणी मासळी घेऊन बसत नाही.


रिकामं

तिसऱ्या दिवशी मेजरनी त्याला एकट्याला बोलावलं.

"गुरव, बसा. हे बघा." पडद्यावर सगळा पट्टा हिरवा होता. "आंबेरखोल रिकामं झाल्यापासून आजूबाजूच्या एकोणीस गावांची परतवेळ निम्म्यावर आली आहे. सभा नाही, भांडण नाही. ओझं उतरलं आणि होडी सरळ झाली."

"चांगलंच आहे की, मॅडम."

"खुद्द आंबेरखोल तर इतकं स्थिर दिसतंय की यंत्राने आजवर असा आकडा दिलेला नाही."

"मेलेला माणूसही हलत नाही, मॅडम."

"हेच वाक्य मी वर लिहून पाठवलं. उत्तर आलं की निरीक्षण बरोबर आहे." त्या हसल्या नाहीत. "गाव आणखी काही दिवस असंच राहील का, अशी विचारणा आहे."

रवळू पडद्यावरचं आंबेरखोल शोधत होता.

"उद्या कौल उजवा पडला आणि लोक आत शिरले, तर यंत्राच्या दृष्टीने ती पट्ट्याला बसलेली टिचकी आहे. सगळी परतवेळ पुन्हा लांबेल. मग धरा. तो आदेश आता माझ्याकडे येत नाही, थेट सुटतो. कुडेवाडीनंतर तसं केलंय, अधिकाऱ्यांना वेळ लागतो म्हणून."

"आणि दुसरा मार्ग?"

"दुसरा तुम्हीच सांगितलात. देव नको म्हणाला की संपलं."

रवळू उठला. "मॅडम, ते माझे वडील आहेत. आजवर त्यांनी पाकळीकडे नुसता श्वासही सोडलेला नाही. तोंडाला फडकं बांधून कळे लावतात."

"त्यांना काही करायचं नाही."

"मी नाही करणार."

"ठीक आहे," मेजर म्हणाल्या. "मग मी दुसऱ्या कुणाला पाठवणार नाही. उद्या लोक आत येतील, आणि जे होईल ते होईल. मी तुम्हाला हुकूम देत नाहीये, गुरव. हुकूम दिला असता तर तुम्हाला सोपं गेलं असतं."

बाहेर सोनवलकर जीपला टेकून शेंगा खात होता. रवळूला बघून म्हणाला, "कुठं?"

"गावात."

"कुठल्या?"

"माझ्या."


चिलट

पाकळी दगडाला पाण्याच्या पातळ थराने चिकटते. थर वाळला की पाकळी सुटते. दोन्ही खांद्यांवर पाणी सारखं, दगड सारखा, मग कोणती आधी सुटेल हे कुणाला सांगता येत नाही. तिथेच देव.

चिलट म्हणजे डासाएवढं उडतं यंत्र. एरवी खोलीतलं बोलणं ऐकायला ते वापरत. त्याच्या पोटातली तार तापवली की त्यातून तोंडच्या वाफेएवढा ऊन वारा निघे. डाव्या खांद्याशी तेवढा पुरे.

दोघं दिवसाढवळ्या गावात शिरले. अडवायला कुणी नव्हतं. अंगणात पाटा पालथा, दोरीवर कपडा नाही, गोठ्यात शेणसुद्धा उचललेलं.

"गुरव," सोनवलकर हळूच म्हणाला, "कुणीतरी खोकलं."

"मी खोकलो."

"सांगून खोकत जा की."

देवळासमोर रवळूचंच घर. माळ्यावरच्या झरोक्यातून गाभारा सरळ दिसायचा. लहानपणी शिक्षा म्हणून त्याला इथे कोंडत. सवयीने वहाणा काढायला त्याने दाराबाहेर पाय झटकला, मग आठवलं की बूट आहेत, आणि ते काढून तसेच हातात धरून आत गेला.


गाऱ्हाणं

बा देवा रवळनाथा, बारा वाड्यांच्या, आकार-मर्यादेच्या म्हाराजा

   व्हय म्हाराजा

तुज्या सबदान ही लेकरां घरदार सोडून शीवेभायर रवली. तान्ह्या पोरांसकट, गाभण्या गायांसकट रवली

   व्हय म्हाराजा

कोणी चुकान पाठी वळान बगल्यान आसात, कोणाची कोंबडी रवली आसात, ता पोटात घाल

   व्हय म्हाराजा

आता तुजी तीन रात्र झाली. आमका आमच्या उंबऱ्यार घी. उजवो कौल दी रे म्हाराजा

   व्हय म्हाराजा

मानकरी पाच, होकार पाच. सगळ्यांत पुढे आनाजी गावकर, पहिल्या मानाचा. गुरव म्हणजे रवळूचा बाप भिवा, सत्तरीचा, तोंडाला पांढरं फडकं. त्याने पाकळ्या झऱ्याच्या पाण्यात बुडवल्या, दोन्ही खांद्यांवर लावल्या, हात मागे घेऊन पाठीशी बांधले.

माळ्यावर सोनवलकरने चिलटाची डबी उघडून रवळूकडे पाहिलं. रवळूने होकाराची मान हलवली.

डावी.

भिवा बराच वेळ खाली पडलेल्या पाकळीकडे बघत राहिला. मग तो बाहेर आला आणि त्याने फडकं सोडलं.

"डावो."

सहाही जण आले तसे शिवेबाहेर निघून गेले. कुणी मागे वळून पाहिलं नाही. मागे बघायचं नसतं.


डावा

शिवेबाहेर पोरं खूष झाली. आणखी एक दिवस शाळा नाही.


डावा

रवळूची बहीण शेवंती, बापाबरोबर राहणारी, तिचा फोन आला. भाऊ सड्यावर आहे असं तिला वाटत होतं.

"काय करतंस?"

"ड्युटी."

"तुजी ड्युटी म्हणजे बसान चाय पिवची. हंय बाबा परवापासून जेवक नाय."

"त्यांका दी फोन."

"नको म्हणतत. गुरवान कौल लागासर फोन कानाक लावचो नाय म्हणे. ह्यो नेम नवीन काडल्यानी." ती थांबली. "लोक म्हणतत गुरवाचो हात बाटलो."

"कोण म्हणता?"

"आनाजी. पुढ्यात नाय म्हणत. पाठसूनच म्हणता, पण आयकाक येयत इतक्या मोठ्यान."

रवळू हसला. तीही हसली. मग म्हणाली, "तुमच्या सायबांच्या यंत्राक विचार मरे, देव कित्याक रागावलो?"

"यंत्राक देव कळना नाय."

"मगे कळता काय तेका?"

"कोण कधी परत येता, ता."

"मगे सांग. आमी कधी परत येतलंव?"

तो म्हणाला, रेंज जातेय.


डावा

गवत संपलं. गुरांना लांब न्यावं लागतं. वरची वाडी आणि खालची वाडी वेगळ्या चुली करू लागल्या.


डावा

खालच्या वाडीतली जनीआजी खोपीतच वारली. शेवटी तिने कुणाचं नाव घेतलं नाही, माझ्या न्हाणीघराचं दार उघडं राहिलंय का एवढंच दोनदा विचारलं. गावाच्या मसणवटीत नेता येईना. दुसऱ्या गावाची मागून घेतली.

रवळू त्या दिवशी गावात फिरत होता. त्याने तिचं न्हाणीघर बघितलं. दार लावलेलं होतं.


डावा

आनाजीने सगळ्यांसमोर विचारलं, "भिवा, तुज्याच हातान कित्याक डावो पडता?" भिवा म्हणाला, "दुसऱ्याचो हात लाव." दुसऱ्याने लावले.

डावा.

आता लोकांना वाटलं, गावात कुणीतरी लपून राहिलं आहे. कुणाच्या तरी अंगणात माणूस आहे, त्याने देवाचं गाव बाटवलं. घराघरातल्या माणसांची मोजणी झाली. सगळे बाहेरच होते. गुरवाचा झील रवळू तेवढा सरकारी नोकरीत, तो मोजणीत धरायचा नाही.

पट्टा हिरवा. मेजरना वरून शाबासकी आली. त्यांनी ती कुणाला वाचून दाखवली नाही.


उजवा

त्या सकाळी शेवंतीने फोनवर फक्त एकच वाक्य सांगितलं. बाबांनी पाणी पण सोडल्यानी.

रवळू माळ्यावर बसून राहिला. मनाशी त्याने एक हिशेब केला. पट्टा इतके दिवस शांत आहे. एक गाव घरी परतलं तर होडी थोडी कलेल आणि लगेच सरळ होईल. यंत्र हे बघेल. नक्की बघेल. हा त्याचा हिशेब होता, यंत्राला त्याने विचारलं नव्हतं.

खाली गाऱ्हाणं संपलं. कळे पुन्हा भिवाच्याच हातून. पाकळी लावताना त्याचा अंगठा जरा जास्त वेळ दगडावर राहिला.

"चिलट उडालं नाही, गुरव," सोनवलकर म्हणाला.

"बॅटरी."

"बॅटरी मीच भरली की मघाशी."

रवळू झरोक्यातून खाली बघत होता.

सोनवलकरने डबी मिटली. "बरं. बॅटरी."

गाभाऱ्यात हवा हलत नव्हती. कितीतरी वेळ दोन्ही पाकळ्या तशाच. भिवाचे ओठ हलत होते. आणि मग कुणीही काहीही न करता उजवी सुटली, दगडावरून घसरली आणि पायाशी पडली.

भिवा खाली बसला. त्याला उठता येईना.

"उजवो," तो म्हणाला.

चार मानकऱ्यांनी हात जोडले. आनाजीने जोडले नाहीत. तो वाकून पाकळीकडे बघत होता, मग भिवाच्या अंगठ्याकडे.

"आज कसो पडलो?"

"देवान दिल्यान."

"इतके दिवस देव नाय म्हणता आणि तू पाणी सोडल्यार व्हय म्हणता? देव तुका भियालो?" आनाजी इतरांकडे वळला. "अंगठो बगल्यात? दाबलेलो. उजवीकडचा पाणी पुसान घेतल्यान."

"आनाजी," भिवा म्हणाला, "माजो झील मरान जावं, जर मी..."

"झिलाक मदी आणू नको."

माळ्यावर रवळूच्या कानातल्या यंत्रात मेजरचा आवाज आला. "गुरव, काय झालं तिथे? शिवेवर फोनांची गर्दी होतेय."

"उजवा पडला, मॅडम."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग: "त्यांना आत येऊ देऊ नका. शीव ओलांडली की आदेश सुटेल. दोन पथकं सड्यावर गाडीत बसलीत, माझ्या सांगण्यावरून नाही. गुरव, ऐकताय ना? मी थांबवू शकत नाही."

रवळूने बूट घातले आणि जिन्यावरून उडी टाकली.


शीव

शिवेवरच्या दगडापाशी सगळं गाव जमलं होतं. मानकरी नुकतेच पोचले होते. निम्मे लोक बोचकी डोक्यावर घेऊन तयार, निम्मे आनाजीच्या मागे उभे. दोन्हीकडून शिव्या. एका वासराचं दावं सुटलं होतं आणि ते दगडापलीकडे, गावाच्या बाजूला, गवत खात होतं. त्याला आणायला कुणी जात नव्हतं.

रवळू धावत आला तो गावाच्या बाजूने.

शिव्या थांबल्या.

शेवंती सगळ्यांत पुढे होती. तिने त्याचा गणवेश पाहिला, मग त्याच्या मागची रिकामी वाट. "खंयसून इलंस तू?"

"गावातसून."

"गावात हुतंस? कधीपासून?"

"पैल्या कौलापासून."

एक बाई त्याच्या पायाशी थुंकली. रवळूने पाय मागे घेतला नाही. त्याला वाटलं, हीच वाट आहे. त्याने मोठ्याने सांगितलं, "मी गावात रवलंय. माज्यामुळा गाव बाटलो. म्हणान आजचो कौल खरो नाय. आत येव नकात."

आनाजी विचारात पडला. पण बोचकी घेतलेल्यांतला एक जण म्हणाला, "म्हणान तर इतके दिवस डावो पडत हुतो. आणि आज उजवो पडलो, म्हणजे देवान ताय माफ केल्यान."

"खरा," मागून चार जण म्हणाले. आनाजीच्या बाजूचेही दोघं म्हणाले. बोचकी हलली. पहिली ओळ दगडाकडे सरकली.

"थांबा. आत पथक येतला," रवळू म्हणाला. "गोळी घालतले."

"कोणाक? आमका? आमच्या घरात?" शेवंतीने भाजीची टोपली कमरेवरून डोक्यावर घेतली. "चला गो. बगूया कसे घालतत."

कुडेवाडीच्या म्हाताऱ्या असंच म्हणाल्या होत्या. सड्याकडून गाड्या सुरू झाल्याचा आवाज आला. अजून लांब होता.

आनाजीने दोन्ही हात पसरून लोकांना थांबवलं. "थांबा. ह्यो गावात हुतो म्हणता. देवळासमोर तेचा घर. मगे तेणी कौल बगल्यान आसतलो." तो रवळूकडे वळला. "गुरवाचो झील तू. देवाच्या शपथेन सांग. बापसान हात लायल्यान काय नाय? तू म्हणशीत ता आमी आयकतलंव."

कुणी हललं नाही.

भिवा दोघांच्या आधाराने, कौलाच्या पाकळ्यांचं तबक छातीशी धरून उभा होता. त्याने रवळूकडे पाहिलं. त्या नजरेत काळजी नव्हती. इतक्या दिवसांनी आपल्या बाजूने बोलणारा कुणीतरी भेटला, अशी ती नजर होती. झील बघत होता. झिलाने बघितलं, मग प्रश्नच नाही.

कानात मेजर म्हणत होत्या, "गुरव. गुरव."

"लायल्यानी," रवळू म्हणाला.

"काय?"

"बाबांनी हात लायल्यानी. डावी सुटत हुती. तेंनी उजवी पाडल्यानी."

शेवंतीने डोक्यावरची टोपली खाली ठेवली. आनाजीला आपण खरे ठरलो याचा आनंद व्हायला हवा होता. तो झालेला दिसला नाही. तो भिवाकडे बघायचं टाळत होता.

भिवाने आपला अंगठा डोळ्यांजवळ नेला. तो त्याने नीट पाहिला, जणू दुसऱ्या कुणाचा आहे. मग हात खाली घेतला.

"झील देवाच्या शपथेन खोटा बोलाचो नाय," तो म्हणाला. "मीच लायलंय आसतलंय."

"बाबा, काय बोलतास तुमी?" शेवंती म्हणाली.

"माजा ध्यान नाय रवला. म्हातारपण." आनाजीकडे वळून तो म्हणाला, "तबक घी. आता माज्या हातात नको."

आनाजीने तबक घेतलं. दोन्ही हातांनी, पूर्वी घ्यायचा तसंच.

बोचकी खाली उतरली. कुणी ओरडलं नाही, रडलंही नाही. लोक एकेक करून खोपींकडे वळले, आणि काही खोपींकडेही वळले नाहीत, थेट हमरस्त्याच्या दिशेने चालू लागले. एका बाईने आपल्या पोराला विचारलं, पणजीची गाडी किती वाजता असते. गाड्यांचा आवाज सड्यावरच थांबला होता. कानात मेजरचा आवाज आला, अगदी हलका. "आदेश मागे घेतला. पट्टा स्थिर दाखवतोय. गुरव, तुम्ही काय केलंत?"

रवळूने कानातलं काढून खिशात टाकलं.

शेवंती त्याच्याजवळून गेली तेव्हा तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. एरवी जाताना ती एखादी शिवी घालायची. त्या शिवीची वाट बघत तो उभा राहिला, पण तिने घातली नाही.

भिवा शेवटी आला. दगडाच्या त्या बाजूला तो, या बाजूला रवळू.

"जेवलंस?" त्याने विचारलं.

"व्हय."

"रोड दिसतंस." भिवाने हात पुढे केला, गणवेशाच्या बाहीवर गवताचं कुसळ होतं ते काढलं, आणि पुन्हा हात आपल्याकडे घेतला. त्याला काही विचारायचं होतं असं वाटलं. त्याने ते विचारलं नाही.

"जातंय," तो म्हणाला.

असं कुणी म्हणालं की लगेच टोकायचं असतं. जातो म्हणू नये, येतो म्हणावं. परकासुद्धा टोकतो, वाटेवरचा माणूससुद्धा. भिवा क्षणभर त्यासाठी थांबला.

रवळूने टोकलं नाही.